खोक्यातलं जेवण

ताडकळसला कुरियरवाला घरोघर फिरत नाही. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात सगळं टाकून तो पूर्णेकडं निघून जातो, आणि मग दुकानदार ज्याला त्याला फोन करतो. रेणुकाला फोन आला तेव्हा ती चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होती. "मॅडम, खोकं मोठं हाय. गाडी घेऊन या," एवढंच तो म्हणाला.

शाळा सुटल्यावर ती स्कुटी घेऊन गेली. खोकं खरंच मोठं होतं. पायाशी ठेवलं तर हँडल वळेना, म्हणून दुकानदारानं ते मागच्या सीटवर सुतळीनं बांधून दिलं. पत्ता तिच्या नणंदेच्या, मनिषाच्या, अक्षरातला होता. त्याखाली लाल पेनानं लिहिलं होतं, 'आईसाठी. फक्त आईसाठी.' ही शेवटची ओळ कुरियरवाल्यासाठी नसून आपल्यासाठी आहे हे रेणुकाला तिथंच कळलं, आणि खोकं घरी पोचायच्या आधीच तिचं डोकं तापलं.

घरात माणसं तीनच. रेणुका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा सिद्धोधन पूर्णेच्या तहसीलमध्ये क्लार्क, आणि सासू गीताबाई. मुलगी राजेश्री नांदेडला होस्टेलवर राहून क्लास करत होती. मनिषा पुण्यात एका कंपनीत होती आणि आईची काळजी फोनवरून करायची. काळजी खरी होती, त्यात रेणुकाला शंका नव्हती. पण फोनवरून केलेल्या काळजीचं काम शेवटी ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात पडतं, आणि ते माणूस दर वेळी रेणुकाच असायची.

गीताबाईंचं दुखणं दोन वर्षांचं. पोट फुगायचं, जुलाब लागायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि अंगातलं रक्त कुठं जात होतं कुणास ठाऊक. रक्त चढवून आणलं की महिनाभर बरं, पुन्हा तोंड पांढरंफटक. परभणीचे दवाखाने झाले, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी नांदेडच्या एका पोटाच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला आणि सांगितलं, यांना गहू चालत नाही. सिलिॲक म्हणतात या आजाराला. गव्हात ग्लूटेन म्हणून एक चिकट पदार्थ असतो, तो यांचं आतडं खराब करतो. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्कीट, टोस्ट, सगळं जन्मभर बंद.

"म्हंजी गहूच बंद?" गीताबाईंनी विचारलं.

"एक कणसुद्धा नको," डॉक्टर म्हणाला.

येताना बसमध्ये गीताबाई बाहेरची रानं बघत बसल्या. नवव्या वर्षापासून त्यांनी दुसऱ्याच्या रानात गहू कापला होता. घरात मात्र ज्वारी. पोळी सणाला, तीही वाटणीची. सिद्धोधनला नोकरी लागली त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी गव्हाचं पोतं घरात आणवलं, आणि तेव्हापासून दोन्ही वेळ पोळी खाल्ली. भाकर लय झाली आता, असं म्हणायच्या. घरी आल्यावर चपला काढता काढता त्या म्हणाल्या, "जिंदगीभर लोकायच्या घरी गहू भरला. आपल्या घरात आला तर ह्यो आजार."  रेणुका पाणी आणायला आत गेली.

ज्वारी चालत होती, पण गिरणीतली नाही. गिरणीत आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो, त्याचं पीठ दगडाला राहतं आणि मागून येणाऱ्या ज्वारीत मिसळतं, असं डॉक्टरनं बजावलं होतं. गावात महारुद्रची एकच गिरणी, आणि तिथं सकाळपासून गहूच चालायचा. रेणुकानं मिक्सरवर ज्वारी काढून पाहिली. भाकर थापतानाच कडेनं फाटली, आणि जी दोन खाल्ली गेली ती कचकच लागली. शेवटी दुपारी भात-वरण ठरलं. पण दोन्ही वेळ भात गीताबाईंना नको होता. भातानं पोट भरत नाही, नुसतं फुगतं, असं त्यांचं म्हणणं. हे मनिषाच्या कानावर गेलं आणि आठ दिवसांत खोकं आलं.

आत पुठ्ठ्याचे चौदा डबे होते, प्रत्येकात सहा वेळची सहा पाकिटं. प्रत्येकावर वाफाळत्या ताटाचा फोटो, खाली 'दहा मिनिटांत रात्रीचं जेवण', आणि कोपऱ्यात काट मारलेली गव्हाची ओंबी. चीज पास्ता, किन्वा पुलाव, थाई नूडल्स, रोटी मिक्स, मशरूमचं काहीतरी. गीताबाईंनी एक डबा उलटसुलट करून पाहिला.

"ह्येच्यावर तर गहूच काढलाय की."

"आत्या, त्यावर काट मारलीय. म्हणजे यात गहू नाही."

"मग काढला कामून?"

रेणुकानं त्यांच्या हातातून डबा घेऊन बाकीच्यांवर रचला.

पहिल्या संध्याकाळी चीज पास्ता. मनिषानं साडेसातला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तेलाच्या बरणीला टेकवून उभा करायला सांगितला. डब्यामागच्या सूचना मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. एक कप पाणी. कोणता कप ते लिहिलेलं नाही. दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, घरात शेंगदाण्याचं. मग 'अल देन्ते' असा एक शब्द आला, तो रेणुकानं दोनदा वाचला.

"म्हणजे अगदी मऊ नाही करायचं, वहिनी," मनिषा म्हणाली. "दाताला किंचित लागलं पाहिजे."

"ताई, आत्यांना खालचे दातच चार आहेत."

"तरी पण, वहिनी. लिहिलंय तसंच करा ना."

रेणुकानं लिहिलंय तसंच केलं. सात मिनिटं तो पास्ता कच्चा होता, आणि आठव्या मिनिटाला त्याची पेज झाली. मधे कुठं थांबायचं ते त्यानं कळूच दिलं नाही. वर पिवळी भुकटी टाकली तेव्हा सगळं भिंतीच्या रंगासारखं दिसायला लागलं. गीताबाईंनी फोनकडं बघत एक घास घेतला, चावला आणि गिळला.

"कसं लागलं, आई?"

"चांगलं हाय."

मनिषा खूश झाली. फोन बंद झाला तशी गीताबाईंनी ताट हातभर लांब सरकवलं. "साबण खाल्ल्यासारखं व्हायलंय. तूच खा."

"मग ताईंना तसं सांगायचं ना."

"तिनं हौसेनं धाडलंय."

दुसऱ्या दिवशी किन्वा. गीताबाई म्हणाल्या, हे पाखरांचं खाद्य आहे, छतावर टाक. फोनवर मात्र पुन्हा, चांगलं हाय. तिसऱ्या दिवशी रोटी मिक्स. डब्यावर लिहिलं होतं, मऊ लुसलुशीत. पाणी घातलं की ते पोळपाटाला चिकटायचं, कमी घातलं की भुगा. रेणुकानं दुधाच्या दोन पिशव्या धुऊन मधे ठेवून लाटलं, तरी तव्यावर जाईपर्यंत त्याचे तीन तुकडे झाले. सिद्धोधन एक तुकडा खाऊन म्हणाला, "चव बरी हाय की." तो दुपारी पूर्णेच्या हॉटेलात चार पोळ्या खाऊन आलेला असायचा, त्यामुळं संध्याकाळी त्याला सगळंच बरं लागायचं. रेणुकानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं, तर तो हात धुवायला उठला.

तिच्या परीनं तिनं काहीच कमी ठेवलं नव्हतं. घरातला गहू शेजारच्या कमलबाईंना देऊन टाकला. पिठाचे डबे घासून, उन्हात वाळवून घेतले. दोघांसाठी गिरणीच्या ज्वारीची भाकर करायची ती वेगळ्या परातीत, वेगळ्या तव्यावर. गीताबाईंच्या ताटाला, तांब्याला, कढईला, पळीला नेलपॉलिशचा लाल ठिपका. शाळेला उशीर झाला तरी ठिपक्याची भांडी ती स्वतः घासायची. आणि हे सगळं करून साडेसातला फोनसमोर उभं राहायचं, जसं काही इन्स्पेक्शनला साहेब आलाय.

चौथ्या दिवशी तिनं सूचना वाचणं सोडलं. पास्ता शिजवून चाळणीत उपसला. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिंग, हळद, तिखट घातलं आणि त्यात तो पास्ता परतला. भुकटीचं पाकीट तसंच बाजूला ठेवलं. गीताबाईंनी ताट पुसून खाल्लं. "आज जरा अन्नावाणी लागायलंय," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत रेणुकाला पहिल्यांदा बरं वाटलं. मग तिनं किन्व्याला तशीच फोडणी दिली, नूडल्सला दिली, मशरूमलाही दिली. पोट फुगतं म्हणून हिंग चिमूटभर नाही, चांगला अर्धा चमचा. दुपारच्या वरणातही तेवढाच. त्रास वाढला त्या दिवशी ताकातून वेगळा.

आणि त्रास वाढतच गेला. सव्वा महिन्यानं नांदेडला रक्त तपासलं तर गहू बाधतो ते दाखवणारा रक्तातला आकडा होता तिथंच. डॉक्टरनं कागद खाली ठेवला. "कुठून तरी रोज गहू पोटात जातोय," तो म्हणाला, आणि म्हणताना त्यानं गीताबाईंकडं नाही, रेणुकाकडं पाहिलं.

त्या संध्याकाळी मनिषाचा फोन सिद्धोधनला आला. तो बाहेर ओसरीवर बोलत होता, पण मनिषाचा आवाज आतपर्यंत ऐकू येत होता. "दादा, वहिनी नीट करतात ना सगळं? शाळा, घर, त्यात एखाद्या वेळी माणसाकडून राहून जातं." सिद्धोधन म्हणाला, "करते की. बघतो मी." तो आत आला तेव्हा रेणुका ठिपक्याची कढई घासत होती.

"काय बघणार हाय तुमी?" तिनं विचारलं.

"अगं, ती काळजीनं बोलती."

"काळजी सगळ्यायलाच हाय. भांडी घासायला कुणी न्हाई."

सिद्धोधननं मोबाईल काढला. तो वाईट माणूस नव्हता. घरात आवाज चढला की त्याला मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडायचं, एवढंच.

रेणुकाच्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र सुरू झालं. आपल्या हातून गहू जात नाही, मग जातो कुठून? गीताबाई दुपारी कमलबाईंकडं बसायला जायच्या. कमलबाईंकडं चहाबरोबर टोस्ट असायचा. रेणुकानं आडून विचारलं, तर कमलबाई म्हणाल्या, तुझी सासू आमच्याकडं पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातलं पिते. मग घरातच कुठं लपवून ठेवत असतील. कपाटात नाही, देवळीत नाही. राहिली त्यांची पत्र्याची पेटी.

पौर्णिमेला गीताबाई वंदनेसाठी विहारात गेल्या. सिद्धोधन त्यांना सोडायला गेला होता. रेणुकानं पेटी उघडली. वर दोन पांढरी लुगडी, खाली सासऱ्यांचा चष्मा, सातबाराचे जुने कागद, मनिषाचं बारावीचं गुणपत्रक, खारकांची एक पुरचुंडी. तिनं एकेक वस्तू काढून खाली चाचपून पाहिलं. बिस्किटाचा पुडा नव्हता, टोस्ट नव्हता, चुराही नव्हता. चष्मा पुन्हा ठेवत असताना दारात सावली पडली. गीताबाई चष्मा विसरल्या म्हणून परत आल्या होत्या. स्वतःचा, खिडकीत ठेवलेला.

"काय हुडकायलीस?"

खोटं बोलायचं ठरवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. "बिस्कीट," रेणुका म्हणाली.

गीताबाईंनी खिडकीतला चष्मा घेतला आणि त्या निघून गेल्या. त्या दिवशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून म्हणाल्या, सुलीकडं जाते. सुलाबाई त्यांची धाकटी बहीण, पेडगावला एकटीच राहायची. रेणुकानं उरलेल्यातले सहा डबे पिशवीत घातले. गीताबाईंनी नको म्हटलं नाही, घेते असंही म्हटलं नाही. सिद्धोधन त्यांना परभणीपर्यंत सोडून, पेडगावच्या गाडीत बसवून आला.

बावीस दिवस त्या तिकडं होत्या. साडेसातचा फोन बंद झाला. रेणुकाला वाटलं होतं, आता जरा सुटका वाटेल. पण रोज त्या वेळेला तिचा हात आपोआप तेलाची बरणी सरकवायला जायचा, आणि मग ती स्वतःवरच वैतागायची.

तेविसाव्या दिवशी गीताबाई न सांगता आल्या. स्टँडपासून घरापर्यंत पिशवी हातात घेऊन चालत आल्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांना दारातून मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागायची. तोंडावर रंग होता. बसल्या बसल्या त्यांनी शेंगा फोडून खाल्ल्या आणि पोटाबद्दल एक शब्द काढला नाही.

"डबे संपले का, आत्या?" रेणुकानं विचारलं.

"सुलीच्या शेळीपुढं ठेवले. दोन खाल्ले. बाकीच्याला तिनं बी तोंड लावलं न्हाई."

त्या बऱ्या झाल्याचा रेणुकाला आनंद झाला, पण तो आनंद चहाचं आधण येईपर्यंतही टिकला नाही. सुलाबाईंच्या घरात ना लाल ठिपका, ना वेगळी पळी. एक चूल, तीन भांडी. तिथं माणूस बरं होतं आणि इथं, एवढं सगळं करून, आजारी पडतं. मनिषानं फोनवर तेच म्हटलं, फक्त गोड शब्दांत. "मावशीकडची हवा मानवली वाटतं, वहिनी." पेडगाव आणि ताडकळसची हवा वेगळी असायला मधे समुद्र नव्हता. रेणुकानं ते तोंडावर आणलं नाही. तिनं वही घेतली, पेन घेतलं आणि सुलाबाईंना फोन लावला.

"जयभीम, मावशी. मला एक सांगा, आत्यांना तुमी रोज काय काय खाऊ घातलं? सकाळपासून सांगा."

"काय घालणार, बाई? आमच्याकडं हाय काय?" सुलाबाईंना वाटलं, सून तक्रार करायला बसली आहे. "भाकर नको म्हणली, गिरणीची म्हून. मंग कण्या केल्या. ज्वारी भिजवायची, उखळात भरड कांडायची, ताकात शिजवायची. कवा भात, कवा भगर. पालेभाजी."

"फोडणीत काय?"

"लसूण. मिरची. जिरं असलं तर जिरं."

"मोहरी?"

"कवा कवा."

"हिंग?"

"हिंग न्हाई बाई. मला पोरीपासून त्याचा वास सोसत न्हाई, डोकं उठतं. आमच्या घरात हिंग येतच न्हाई."

रेणुकानं वहीत लिहिलेल्या यादीकडं पाहिलं. तेल होतं, हळद होती, तिखट, मीठ, लसूण, सगळं दोन्ही घरांत सारखं. फक्त हिंग इकडं होता आणि तिकडं नव्हता. पण हिंग झाडाचा चीक असतो, हे ती पोरांना शिकवायची. त्यात गहू कुठून येणार? तरी ती उठली आणि मांडणीवरची पिवळी डबी खाली घेतली. मागची अक्षरं वाचता येईनात. मोबाईलमध्ये फोटो काढून तिनं तो दोन बोटांनी मोठा केला.

यादीत पहिलं नाव होतं गव्हाचं पीठ. मग डिंक. हिंग शेवटी.

ती ओट्याला टेकून खाली बसली. वरणात अर्धा चमचा, रात्रीच्या डब्यात अर्धा चमचा, जास्त दुखलं की ताकात आणखी. जितकं दुखायचं तितका जास्त. तिला आठवलं, एका दुपारी गीताबाई पोट धरून बसल्या होत्या तेव्हा तिनं याच डबीतला हिंग कालवून त्यांच्या बेंबीभोवती लेपसुद्धा लावला होता. लेपानं काही झालं नसेल. पण मग मायेनं पाजलेलं ते ताक?

सिद्धोधन आल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं फोटो पाहिला, डबी पाहिली, मग आतल्या खोलीकडं बघून आवाज खाली आणला. "टाकून दे डबी. दुसरा आणू, बिनगव्हाचा मिळत असंल. आई बरी झाली ना आता? कुणाला सांगायची काय गरज हाय?"

चहा उकळेपर्यंत रेणुकानं त्यावर खरंच विचार केला. सांगितलं नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. डॉक्टर म्हणेल सुधारणा आहे, मनिषा म्हणेल मावशीचा गुण. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. पेटी उघडलेली होती, आणि ती उघडताना आपण खात्रीनं चोर दुसऱ्याला ठरवलं होतं.

साडेसातला तिनं स्वतः मनिषाला कॉल लावला. गीताबाईंना शेजारी बसवलं आणि हातातली डबी फोनपुढं धरली.

"ताई, गहू माझ्याच हातून जात होता. हिंगात असतो. मला माहीत नव्हतं."

मनिषाला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती म्हणाली, "पण वहिनी, डब्यावरच्या सूचनेत हिंग नव्हता ना?"

"नव्हता." रेणुकानं डबी खाली ठेवली.  "सूचनेप्रमाणं केलेलं आत्या खात नव्हत्या. तुमच्यासमोर चांगलं हाय म्हणायच्या, अन् फोन ठेवला की ताट सरकवायच्या. रोज. म्हणून मी फोडणी घालायला लागले. उपाशी ठेवू का त्यांना?"

"आई?" मनिषा म्हणाली.

गीताबाई फोनकडं न बघता म्हणाल्या, "मंग काय म्हणू? तू तिकडून एवढं धाडलंस. वंगाळ हाय म्हणू?"

 सिद्धोधनचं मोबाईलमध्ये लक्ष होतं, पण त्याचं बोट हलत नव्हतं. मग मनिषा म्हणाली, "मी तो पास्ता इथं एकदा करून बघितला होता. मलाही नव्हता आवडला. वाटलं, आजारी माणसाला चालेल." आणि ती घाईघाईनं म्हणाली की उद्या बोलते.

फोन बंद झाल्यावर रेणुका गीताबाईंपुढं बसून राहिली. "आत्या, माझ्यामुळं तुमाला एवढं सोसावं लागलं."

"हिंगाचं काय घेऊन बसलीस," गीताबाई म्हणाल्या. "पोट दुखतंय म्हूनच घालायचीस. ते मला कळतंय." त्या थांबल्या, लुगड्याचा काठ बोटांनी सरळ करत राहिल्या. "पेटीचं लागलं मला. खळ्यावरून काम करून निघालो ना, की मालक पदर झाडून दाखवा म्हणायचा. गहू बांधून नेलाय का म्हून. समद्या बाया रांगंत उभ्या राहून पदर झाडायच्या. माझी माय बी, मी बी. चार दाणे निघाले तर दिवसाचं काम गेलं." पुन्हा थोडं थांबून म्हणाल्या, "आता माझ्या घरात, माझ्या पेटीत, पुन्हा गहूच हुडकायलीस तू."

 शिक्षक म्हणून, सून म्हणून, बाई म्हणून रेणुकाला कितीतरी वाक्यं येत होती. त्यातलं एकही इथं चालणारं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हं," गीताबाई म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला ताट ओढून घेतलं.

त्या एका शब्दानं काही मिटलं नाही. पुढचे आठ-दहा दिवस त्या कामापुरतंच बोलायच्या. रेणुकानं पेटीपाशी जाणं तर सोडाच, त्या खोलीत झाडू मारतानासुद्धा आधी हाक मारायला सुरुवात केली. रविवारी तिनं सुलाबाईंना पुन्हा फोन करून कण्यांचं माप विचारलं आणि मिक्सर थांबवत थांबवत भरड काढली. पहिल्या खेपेला पीठ झालं. दुसऱ्या खेपेला गीताबाई स्वतः उठून आल्या, तिच्या हातावरून बटण बंद केलं आणि म्हणाल्या, "बास. एवढंच." त्या दिवशी त्या पहिल्यांदा नेहमीसारख्या वाटल्या, म्हणजे तिच्या प्रत्येक कामात चूक काढणाऱ्या.

मनिषानं तांदळाच्या पिठातला हिंग शोधून पाठवला. या वेळी पाकीट मुठीएवढं होतं आणि वर नुसता पत्ता होता. उरलेल्या डब्यांतले नूडल्स राजेश्री सुट्टीत आली तेव्हा होस्टेलला घेऊन गेली. तिथं म्हणे मुलींनी ते भांडून खाल्ले.

तीन महिन्यांनी नांदेडला रक्त तपासलं. आकडा निम्म्याच्या खाली आला होता आणि रक्त साडेदहा झालं होतं. डॉक्टरनं हिंगाची गोष्ट ऐकून घेतली, डबीचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतला आणि म्हणाला, पुढच्या पेशंटला मी आधी हेच विचारेन. आधीच विचारलं असतं तर, असं रेणुकाच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

परतीच्या बसमध्ये तीन जणींच्या सीटवर एक अनोळखी बाई त्यांच्या शेजारी होती. पूर्णा यायच्या आत गीताबाईंनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. दुर्बीण, शेळी, पुण्याचे डबे, लाल ठिपके. आणि शेवटी आजूबाजूच्या चार सीटांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्या माझ्या सुनंनंच घातला, अन् हिनंच हुडकून काढला. डॉक्टरला बी न्हाई सापडला."

रेणुका खिडकीकडं तोंड करून बसली. घातला हा शब्द एवढ्या मोठ्यानं म्हणायची गरज नव्हती.

"मॅडम," ती बाई गीताबाईंच्या अंगावरून वाकून म्हणाली, "आमच्या सुनंचं बी पोट सारखं दुखतंय. मंग हिंग बंद करू का तिचा?"

"नाही, नाही, तसं नसतं," रेणुका म्हणाली. "हिंगानं सगळ्यांचं दुखत नाही. आधी तपासणी करावी लागते—"

"बंद कर," गीताबाई म्हणाल्या. "तपासणीला जाईस्तोवर बंद कर."

"आत्या, असं कसं सांगता? उलट तपासणीच्या आधी काहीच बंद करायचं नसतं, मग आजार सापडत नाही—"

"मला इचार की. मी भोगलंय."

ती बाई एकदा इकडं बघत होती, एकदा तिकडं. रेणुकानं सुस्कारा सोडला, पर्समधून शाळेची वही काढली, एक पान फाडलं आणि त्यावर डॉक्टरचं नाव, तपासणीचं नाव मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं. गाडी खड्ड्यात आदळली आणि अक्षर वाकडं गेलं. गीताबाई पानात डोकावून म्हणाल्या, "हिंगाचं बी लिही खाली," आणि रेणुकानं तेही लिहिलं.